नीमोच्या बापाची बाजू

टिळकवाडी, बेळगाव

चि. सौ. मनीषास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकानं काल मला ‘फाइंडिंग नीमो’ दाखवला. शेजारी बसून, पुढं काय होणार ते आधीच सांगत. माशांचा कार्टून पिक्चर, 2003 चा. तेव्हा तू कॉलेजात आणि मी पेपरांच्या गठ्ठ्यात, म्हणून राहून गेला असावा.

जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला असला पिक्चर दाखवणं म्हणजे सोनाराला बेन्टेक्सचा हार दाखवणं. हरवलेला नीमो आणि त्याला शोधत निघालेला त्याचा बाप मार्लिन हे क्लाउनफिश जातीचे मासे. ही जात जन्मतः सगळी नरच. एका समुद्रफुलातल्या (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, त्यातच हे राहतात) घोळक्यात सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा तिचा नवरा, बाकीचे नुसते उमेदवार. मादी मेली की हा नवराच हळूहळू मादी होतो. म्हणजे बराकुडा या शिकारी माशानं नीमोची आई खाल्ल्यावर मार्लिनच त्याची आई व्हायला हवा! हे मी अर्णवला समजावून सांगणार होतो, पण तुझ्या आईनं डोळे वटारले. शिवाय देवमाशाच्या तोंडात गेलेला मासा, पिक्चरमधल्या मार्लिनसारखा, त्याच्या डोक्यावरच्या भोकातून बाहेर येऊ शकत नाही. ती वाट श्वासाची, घशाशी तिचा संबंध नाही.

पण अंड्यांची राखण बाप करतो, हे शंभर टक्के खरं. पंखांनी वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी वेचून काढतो. आणि कासवं ज्या प्रवाहातून सिडनीकडं जातात तो पूर्व ऑस्ट्रेलियाचा प्रवाहही खराच आहे. उष्ण पाण्यातल्या माशांची पिल्लं उन्हाळ्यात त्याच्याबरोबर वाहत थेट सिडनीपर्यंत पोचतात. मला तर तोच भाग सगळ्यांत आवडला. कासवाचं पोर प्रवाहातून बाहेर फेकलं जातं, मार्लिन धावायला निघतो आणि त्या पोराचा बाप त्याला थांबवतो. पोर कसं परत येतंय ते बघत राहतो. त्याला काळजी नाही असं नाही, नजर हलत नाही त्याची. फक्त तो हात आवरून धरतो.

पिक्चर बघून सगळे म्हणतात, मार्लिन फार भित्रा, पोराला श्वास घेऊ देत नाही. मला हे पटत नाही. शेकडो अंड्यांतलं एकच राहिलेलं, त्याचाही एक पंख तोकडा. त्यानं भ्यायचं नाही तर कुणी? समुद्र खरोखरच वाईट आहे, शार्क आहेत, जेलीफिश आहेत, हे पिक्चर लपवत नाही. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन आपल्या मुलाला बागेत फिरवताना सारखं ‘इथं हात लावू नको, तिकडं जाऊ नको’ करायचा आणि त्यातून ही गोष्ट सुचली, असं त्यानंच सांगितलंय. त्यामुळं बापावर तो हसतो, पण त्याला वेडा ठरवत नाही.

खरा पिक्चर शेवटच्या जाळ्यात आहे. एवढा समुद्र पालथा घालून पोर हाती लागलेलं, आणि ते म्हणतं, मला त्या कोळ्यांच्या जाळ्यात जाऊ दे, डोरीला (शोधात मार्लिनला साथ देणारी मासोळी) सोडवायची युक्ती मला ठाऊक आहे. सगळ्या माशांनी एकदम खाली पोहायचं, जाळं तुटेल. मार्लिन क्षणभर अडतो आणि सोडतो. तिथं अर्णवही गप्प झाला होता, पुढचं ठाऊक असून.

आता तुझ्याकडं येतो. अर्णवला पोहायला पाठवायला नको, असं तू फोनवर म्हणालीस. खानापूरच्या आपल्या शेतातल्या विहिरीत तुला मीच उतरवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून. आजी काठावर उभी राहून ओरडत होती, ‘काय करुलास रे, पोरगी बुडंल!’ पाऊस लागला की तूच बांधावर उभी राहून चढणीचे मासे बघायचीस आणि पाण्यात पाय घालायला हट्ट करायचीस. मी काही अर्णवला विहिरीत टाकत नाही. गोवावेसच्या तलावात शिकवणारे आहेत, उथळ बाजू आहे, मी काठावर बसेन. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, पाण्याचा भरवसा नाहीच. म्हणून तर शिकायचं.

जावईबापूंना काही हरकत नाही म्हणे, पण ते तुला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

फॉर्म आणून ठेवलाय, पण त्यावर आई-वडिलांची सही लागते, आज्जाची चालत नाही. फोटो काढून पाठवतो. सही करून परत पाठव, आणि त्याला सर्दी लवकर होते का तेही लिही.

तुझा,
आप्पा