श्रेय एकट्या थंडीला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाडचा पारा घसरला की ‘हिटलरला रशियाच्या थंडीने हरवले’ हे वाक्य कुठे ना कुठे वाचायला मिळतेच. यंदा आपल्या अंकातही ते दिसले आणि राहवले नाही. मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. मला हे पटत नाही.

२२ जून १९४१च्या पहाटे अनाक्रमणाचा करार धाब्यावर बसवून ३० लाखांहून अधिक जर्मन सैनिक सोव्हिएत हद्दीत घुसले. हिवाळ्याआधी सगळे आटोपायचे, हा त्यांचा हिशेब. तो चुकला भर उन्हाळ्यात. मॉस्कोच्या वाटेवरच्या एकट्या स्मोलेन्स्क शहराच्या परिसरात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत झुंज चालली. सप्टेंबर सरेपर्यंत सगळ्या आघाडीवर मिळून जर्मनांचे ५ लाखांहून जास्त सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता होते. तोवर मॉस्कोची थंडी सुरूसुद्धा झाली नव्हती! ऑक्टोबरात चिखलाने गाड्या रुतल्या, ते वेगळेच. त्या दिवसांत मॉस्कोभोवती रणगाडे अडवायला खंदक खणत होत्या त्या बहुतेक बायका आणि कोवळी पोरे.

थंडी काय करते ते मला ठाऊक आहे. द्रासला एका पहाटे हातमोजा काढून मी तोफेच्या ब्रीचला, म्हणजे गोळा भरतात त्या मागच्या भागाला, हात लावला, तर दोन बोटांची कातडी लोखंडालाच चिकटून राहिली. वण अजून आहे. जर्मनांच्या बुटांना तर खालून लोखंडी खिळे होते. तोफांमधले तेल गोठले, रेल्वे इंजिनांच्या उघड्या नळ्या फुटल्या, गरम कपडे आघाडीवर वेळेत पोचलेच नाहीत. समोरच्या सोव्हिएत सैनिकालाही तीच थंडी होती आणि तोही त्यात मेला. पण त्याच्या पायात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बूट होते, अंगात कापूस भरलेला कोट होता, आणि ५ डिसेंबरला त्याने उलटा हल्ला चढवला.

आमच्या भावकीच्या द्राक्षबागा निफाड तालुक्यात आहेत. थंडीची चाहूल लागली की सरपण आधीच बांधावर रचून ठेवतात आणि पहाटे शेकोट्या पेटवतात. ज्याने रचले नाही त्याचे मणी तडकतात. शेजारच्याची बाग वाचली तर ती थंडीमुळे वाचली, असे तिथे कोणी म्हणत नाही.

पुढच्या वेळी हा विषय छापाल तेव्हा स्मोलेन्स्कचे नाव आणि त्या खंदक खणणाऱ्या बायकांचा उल्लेख तेवढा जरूर करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तोफची,
नाशिकरोड