मंत्रीसाहेब, माझ्या मायचा आकडा कुठंय?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

पत्रं लिहायची सवय नाही, तापीकाठी ठिबकच्या नळ्या जोडून पोट भरतो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही चार वर्षं तुमच्या खात्याचं सांभाळूनच घेतोय.

काल मायचा रिपोर्ट आला. एकच ओळ. नमुना तपासणीयोग्य नाही.

मायला सीएमएल आहे, रक्ताचाच कॅन्सर पण हळू चालणारा. सापडला तेव्हा पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार होत्या, असायला पाहिजेत चार ते अकरा हजार. पानथरी, म्हणजे प्लीहा, एवढी वाढलेली की अर्ध्या भाकरीत पोट भरायचं आणि आम्ही येडे गॅसच्या गोळ्या देत बसलो. मग इमॅटिनिब नावाची या कॅन्सरची गोळी सुरू झाली, चारशे मिलिग्रॅमची, रोज एक, जेवण झाल्यावर मोठा गिलासभर पाण्यासोबत. डोळ्याखाली सूज येते, रात्री पोटऱ्यात गोळे येतात, मी उठून तेल चोळतो. पण माय हिंडतेफिरते, कापूस वेचते. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं या गोळीच्या मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला म्हणून ही गोळी आमच्या आवाक्यात राहिली. त्यात तुमची मेहरबानी काही नाही.

गोळी मिळते हो, अडतं ते आकड्यापाशी. ही गोळी काम करते का ते चेहऱ्यावर दिसत नाही, पीसीआर नावाची रक्ताची टेस्ट करावी लागते, बीसीआर-एबीएलची, म्हणजे या कॅन्सरचं बिघडलेलं जनुक रक्तात किती उरलं ते मोजायची, दर तीन महिन्यांनी. तो आकडा वर्षभरात 0.1 टक्क्याच्या खाली यायला पाहिजे. मायचा 0.08 आला होता, पेढे वाटले मी. मागच्या खेपेला 0.9 झाला. डॉक्टर म्हणे घाबरू नका, महिन्याभरात परत करा, वाढतोच असेल तर गोळी बदलू. तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत.

आणि त्यातच तुमचं शिबिर झालं. स्टेजवरून सांगितलं की आता मुंबईला जायची गरज नाही, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी इथंच रक्त घेऊ, पुढं आम्ही पाठवू. टाळ्या मीपण वाजवल्या. मंगळवारी गेलो तर ट्यूब नाही. जांभळ्या झाकणाची पाच रुपयांची ट्यूब! बॅनरवर तुमचा फोटो मात्र दहा फुटी. शुक्रवारी या म्हणे. शुक्रवारी घेतलं, शनिवारी सुट्टी, रविवारी सुट्टी, नमुना दोन दिवसात लॅबला पोचायला पाहिजे तो इथंच टेबलावर पडून. विचारलं तर समोरचा म्हणतो पोर्टलवर पेंडिंग दाखवतंय.

आता परत मुंबई. चारशे किलोमीटर, दोघांचं भाडं, खाणंपिणं, टेस्टचे सहासात हजार, माझे तीन दिवस दुकान बंद, एका खेपेला अकरा-बारा हजार धरा, वर्षाला पन्नास हजाराला टेकतं, शे-दोनशेचा हिशोब चुकला असेल तर तुमच्या सीएकडून तपासून घ्या. फुले योजनेचं कार्ड आहे आमच्याकडं, लॅमिनेट करून ठेवलंय. या टेस्टला ते दाखवलं की काउंटरवरचा माणूस फक्त हसतो.

सगळं असंच आहे साहेब. कापसाचा भाव विचारला की समिती, केळीचा विमा विचारला की पोर्टल, मायचं रक्त विचारलं की पेंडिंग. मतदानाची पेटी बरी तुमची दुर्गम पाड्यावरून त्याच रात्री पोचते, तिला नाही शनिवार-रविवार लागत.

माय अंगणात बसून रोज एकच विचारते, काय व्हयनं रे भाऊ, आकडा उना का? मी म्हणतो नेट स्लो आहे. रक्त खराब झालं हे सांगायची हिंमत होत नाही, तिला वाटेल तिचंच रक्त खराब झालं.

ट्यूब मी विकत आणून देतो, बर्फाचा डबा पण माझाच, गाडीवर बसून स्टेशनपर्यंत पोचवतो सुद्धा. तुमच्या माणसाला फक्त एवढं सांगा, शुक्रवारी रक्त घेऊ नको.

आपला,
एका पेशंटचा मुलगा, खान्देश