साबुदाणा वड्याचे मूळ गाव

महोदय,

आषाढी एकादशी जवळ आली की उपवासाच्या पदार्थांवर भरभरून लिहून येते आणि त्यात साबुदाणा वड्याला ‘पूर्वापार चालत आलेला’ हे विशेषण हमखास लागते. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे. दुपारच्या चहाबरोबर गरम वडा आणि दही मलाही फार आवडते, म्हणूनच त्याची खरी हकिकत लोकांना कळावी असे वाटते.

भिजवलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचे कूट, हिरवी मिरची, जिरे, मीठ. यातले जिरे आणि मीठ सोडले तर बाकी चारही जिनसा मूळच्या अमेरिका खंडातल्या. बटाटा अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा ब्राझीलच्या बाजूचा. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. त्यानंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या, मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पिके इकडे आली. ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली १२९६ साली. त्यांच्या काळातल्या वारकऱ्याच्या एकादशीला यातले काहीही नव्हते. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. रताळे आणि राजगिराही नंतरचेच. वरई आणि शिंगाडा मात्र इथले जुने.

साबुदाण्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. पूर्वी तो मलायाकडून बोटीने येई आणि कंदाचा नव्हे, तर सागो नावाच्या ताडाच्या खोडातल्या गाभ्याचा असे. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली, तेव्हा तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा तयार होऊ लागला. आजही आपल्या वाण्याकडचा बहुतेक साबुदाणा तिकडचाच असतो. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कंद सोलून, धुऊन, वाटून त्याचे दूध काढतात. तळाला बसलेले ओलसर सत्त्व हलवत राहिले की त्याचे गोल दाणे वळतात. ते तापल्या पत्र्यावर भाजून उन्हात वाळवतात. कच्च्या कंदात विषारी द्रव्य असते, ते या धुण्या-वाळवण्यात निघून जाते. दर श्रावणात साबुदाण्याविषयी मोबाइलवर घाबरवणारे मजकूर फिरतात. ते पुढे पाठवण्याआधी लोकांनी ही कृती एकदा वाचावी.

उपवासाला बटाटा आणि मिरची चालते, टोमॅटो चालत नाही, हे मला विद्यार्थी नेहमी विचारत. तिन्ही एकाच कुळातली आणि एकाच खंडातून आलेली. त्यांना मी सांगे की चालते-न चालते हे त्या त्या घराने ठरवलेले असते, त्यात वनस्पतिशास्त्र शोधू नये. श्रद्धेला याने काडीचाही धक्का लागत नाही. ज्या पिकाला आपल्या आज्या-पणज्यांनी देवाच्या दिवशी ताटात घेतले, ते आपलेच झाले. पण मग दुसऱ्याच्या ताटातल्या पदार्थाला ‘परदेशी’ म्हणून नाक मुरडणेही थांबायला हवे.

आपल्याला एक विनंती. येत्या श्रावणातल्या पाककृतींखाली त्या त्या जिनसेचे मूळ ठिकाण दोन ओळींत छापावे. शाळेतली मुले ते नक्की वाचतील. आणि वरईच्या पदार्थांना जरा जास्त जागा द्यावी. सह्याद्रीच्या उतारांवर आदिवासी शेतकरी आजही ती पिकवतात आणि तिला गिऱ्हाईक हवे आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा