अशुभ म्हणून नावे पुसू नका

'फाशीचा माळ' आणि 'मढ्याचा कातळ' ही जागांची नावे अशुभ वाटतात म्हणून ती बदलण्याचा ठराव आमच्या तालुक्यातील एका ग्रामसभेने केल्याची बातमी वाचली. त्याला माझा ठाम विरोध आहे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा २०२० चा राज्य सरकारचा निर्णय योग्यच होता; त्या नावांनी हयात माणसांचा अपमान होत होता. इथे तसे काही नाही.

रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळ खोकरीला सिद्दी सरदारांच्या घुमटाच्या कबरी आजही उभ्या आहेत. पण फासावर गेलेल्या किंवा साथीत दगावलेल्या गरिबावर घुमट कोण बांधणार? जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडेही फार काळ टिकत नाहीत. त्यांची आठवण म्हणून उरते ते जागेचे नाव, तेही म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी.

सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. माझ्या उताऱ्यावर तो कोराच आहे. माळांवर आता प्लॉट पडत आहेत आणि खरेदीखतात येतो तो फक्त गट नंबर. नावे बदलण्याऐवजी ग्रामपंचायतीने जाणत्यांना विचारून ती गटवार लिहून घ्यावीत आणि जेसीबी लागण्याआधी तलाठ्याकडे नोंदीसाठी द्यावीत.

– एक वाचक, दापोली