फ्लाय फिशिंग म्हणजे ध्यान नव्हे हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फ्लाय फिशिंगवरचा लेख वाचला, छान होता, पण त्यात ते "मन रिकामं करणारं ध्यान" वगैरे लिहिलंय ना, ते वाचून हसू आलं. चाळीसेक वर्षं हा नाद आहे मला, आता सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि नदीवर माझं मन रिकामं झाल्याचं मला एकदाही आठवत नाही. उलट इतकं भरलेलं असतं की खिशातला फोन वाजून गेलेला कळत नाही (हे कारण घरी चालत नाही, तो भाग वेगळा).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गळाला वजन लावलेलं असतं आणि ते दोरी ओढून नेतं. इथे सगळं उलटं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजन असून नसल्यासारखं, म्हणून वजन दोरीलाच असतं आणि ती मागे-पुढे झुलवून फेकायची. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावं लागतं, आणि नेमकं तिथेच नवशिके घाई करतात, मी स्वतः पहिली दोन वर्षं मासे कमी आणि पाठीमागच्या झाडांत अडकलेल्या फ्लाय जास्त काढल्या. हे काही आजकालचं फॅड नाही बरं का, एलियन नावाच्या रोमन लेखकाने साधारण १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक हुकाला लाल लोकर गुंडाळतात, वर कोंबड्याची पिसं लावतात आणि मासे फसवतात.

पण फेकणं हा त्यातला सोपा भाग झाला. खरी गंमत म्हणजे मासा आत्ता काय खातोय ते ओळखणं. मी नदीवर गेलो की आधी उथळ पाण्यातला एखादा दगड उचलून उलटा करतो. खालच्या बाजूला वाळूचे कण चिकटवून केलेली इवलीशी नळी असते, ते कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीचं घर. शेजारी मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले सारखे फडफडताहेत. हे पिल्लू महिनोन्महिने, काही जातींत वर्षभर पाण्याखाली काढतं, मग वर येऊन पंख फुटतात, आणि पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक हा एवढाच. त्यानंतर तो काही खातच नाही, काही तास नाहीतर एक-दोन दिवस, संपलं. दगड मात्र होता तसा परत ठेवायचा, आपण कुणाच्या तरी घराचं छप्पर उचललेलं असतं.

एका संध्याकाळची गोष्ट सांगतो. डोहात सगळीकडे वर्तुळं उठत होती, मासे धडाधड खात होते आणि माझ्या फ्लायकडे एकजण ढुंकून बघेना. सहा फ्लाय बदलल्या, आणि माझ्या वयाला दोरीच्या टोकाचा ०.१५ मिलिमीटरचा धागा हुकाच्या भोकात ओवायचा म्हणजे काय असतं ते म्हाताऱ्या वाचकांना सांगायला नको. शेवटी पाठ भरून आली म्हणून खडकावर बसलो. बसल्या बसल्या दिसलं की वर्तुळ उठतंय पण मागे बुडबुडा राहत नाहीये. मासा पृष्ठभागावरून किडा उचलतो तेव्हा बरोबर थोडी हवा घेतो, ती सुटते आणि बुडबुडा राहतो. बुडबुडा नाही म्हणजे तो किडा पाण्याच्या साईखालीच गाठतोय, वर यायच्या आत. कात्रीने माझ्या फ्लायची पिसं खालून कापून टाकली, ती अर्धी बुडायला लागली, आणि दुसऱ्याच फेकीला ट्राउट मासा लागला. पाठ दुखली नसती तर दिसलंच नसतं. आता सांगा, ह्यात मन रिकामं करायला वेळ कुठे आहे?

आणखी एक, लेखात "मासा सोडून देतात म्हणजे काही इजा नाही" असं म्हटलंय. इतकं सोपं नाही ते. हूक लागतो, मासा जीव तोडून झगडतो, आणि हे मी माझ्या मजेसाठी करतो, ह्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. जमेल तेवढं करतो एवढंच. हुकाची उलटी नांगी पकडीने दाबून सपाट करतो. थर्मामीटर जवळ ठेवतो, कारण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि २० अंशांच्या वर दमवलेला ट्राउट पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. त्यामुळे उन्हाळ्यात कित्येकदा रॉड जोडलाच नाही, काठावर बसून खंड्याचे सूर बघितले आणि घरी आलो. त्याचा नेम माझ्यापेक्षा बरा आहे.

आता लेखासोबतच्या फोटोबद्दल. तो भल्यामोठ्या माशाचा फोटो, कोरड्या हातांत, छातीपर्यंत उचललेला, खाली दगडधोंडे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, कोरड्या हाताने तो निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. तेव्हा पुढच्या वेळी ओल्या हातातला, पाण्यातच धरलेला मासा छापा. फोटो इतका भारी येणार नाही हे कबूल, कारण कॅमेरा फोकस होईपर्यंत फक्त शेपटी उरते, माझ्याकडे तसले शेपटीचे फोटो ढिगाने आहेत, हवे असतील तर पाठवतो.

आपला,
एक जुना वाचक