डाग पुसू नको

बेटा,

काल फोनवर तू रडली आणि मला काही बोलताच आलं नाही, रात्रभर तेच डोक्यात, म्हणून आता सकाळी कामाला निघायच्या आधी लिहायला बसलोय. तू काढलेल्या केळी कटाईच्या चित्रातल्या बायांच्या कपड्यांवरचे काळे डाग घाण दिसतात, ते काढ आणि चित्र जरा प्रसन्न कर, असं तुला कॉलेजात सांगितलं ना? काढू नको. आपल्या रावेर-यावलकडे ज्यानं एक दिवस जरी केळीची कटाई केली त्याला माहितीय, केळीचा चीक कपड्याला लागला की तो कपडा फाटेपर्यंत जात नाही, साबण लाव, सोडा लाव, काही कर. तुझी आजी वावरात जायची साडी वेगळीच टांगून ठेवायची, आठवतं? तो डाग म्हणजेच तुझं म्हणणं आहे. तो काढला तर मग नुसत्या तीन बाया केळी घेऊन चालल्या, तसं कॅलेंडर खताच्या दुकानातही मिळतं.

मी काही कॉलेजात शिकलेला चित्रकार नाही, तीस वर्षं भिंती आणि पाट्या रंगवल्या, मग फ्लेक्स आलं आणि कामं कमी झाली. पण आपल्या इथल्या फैजपूरचं तुला लहानपणापासून सांगत आलोय. 1936 च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष, आणि सजावटीला गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं. त्यांनी शहरातला थाट उचलून आणला नाही, बांबू आणि खेड्यात मिळणारं सामान घेऊन नगर उभं केलं. मला हे फार मोठं वाटतं बेटा, कारण देश कुणाचा हे तिथं भाषण व्हायच्या आधी नुसत्या कमानीनं सांगितलं. पुढं 1938 ला गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनाला तर त्यांनी सुतार, ढोल वाजवणारे असली रोजची माणसंच पोस्टरवर आणली.

आणि बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद. 1943 ला बंगालमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं भुकेनं मेली, तेव्हा हे मिदनापूरच्या गावांतून हिंडले आणि समोर दिसेल ते काळ्या शाईनं काढत गेले, सोबत त्या माणसांची हकीकतही लिहिली. त्याचं पुस्तक निघालं तर इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून नष्ट केल्या. त्या चित्रांत कुठे घोषणा नव्हती, शिवी नव्हती. उपाशी माणूस जसा होता तसा काढला होता, तेवढंच सरकारला सहन झालं नाही. आजचा आपल्या चंद्रपूरकडचा चित्रकार प्रभाकर पाचपुते बघ, घरचे कोळशाच्या खाणीत राबलेले आणि तो कोळशानंच भिंतीवर खाण आणि खाणीतली माणसं काढतो.

आता एक गोष्ट सांगतो, राग मानू नको. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मी आपल्या गल्लीतल्या मावशींना दाखवला, त्या वीस वर्षं कटाईला जातात. त्यांनी झूम करून बराच वेळ पाहिलं. डागाला बोट लावून म्हणाल्या, हे बरोबर आहे. मग म्हणाल्या, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ अशी गोल राहत नाही गं माय, जुन्या लुगड्याची असते, दोन खेपांत दबून चपटी होते. आणि तिघींचे चेहरे सारखेच कसे, बहिणी आहेत का? मला पण तेच खटकलं होतं पण बोललो नाही. डाग तू आठवणीतून काढला, आजीच्या साडीवर रोज पाहिलेला, म्हणून तो खरा आला, चेहरे मात्र अंदाजानं काढले. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनी चित्रात स्वतःला ओळखलं पाहिजे, नाहीतर आपण त्यांच्या नावावर आपलंच काहीतरी सांगत बसतो.

तर टेन्शन घेऊ नको, मार्क कमी दिले तर देऊ दे. सुट्टी लागली की लगेच निघ. मुकादमाशी मी बोलून ठेवलंय, सकाळी सहाला मजुरांचा टेम्पो निघतो, तू मावशींच्या शेजारी बस, वही घे, आधी त्यांना विचार आणि मगच काढ, आणि संध्याकाळी ते त्यांनाच पहिलं दाखव. येताना जुना ड्रेस आण, चीक लागेल.

तुझे पप्पा