कॉम्पेन्सेटर असा हवा, जो भोसरीत दुरुस्त होईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या उच्चदाब वीजग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या युनिटांवर नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर, बिल येते. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामाचा वाटा, ०.८ असला की १०० युनिटांच्या कामाला १२५ चे पैसे मोजायचे. म्हणून पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पॉवर फॅक्टर सुधारणारा कॉम्पेन्सेटर, म्हणजे कपॅसिटर पॅनेल, असतेच. पण वेल्डिंगचा लोड क्षणाक्षणाला बदलतो. कॉन्टॅक्टरवरच्या (विद्युतचुंबकी स्विचने कपॅसिटर जोडणाऱ्या-सोडणाऱ्या) पॅनेलला तो गाठता येत नाही, कारण सुटलेला कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याशिवाय पुन्हा जोडता येत नाही. आणि गरज असते तेव्हाच तो कमी पडतो: व्होल्टेज १० टक्के घसरले की त्याची रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारी, पण लोडला लागणारी वीज) १९ टक्के घटते.

आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरून हवा तेवढा रिॲक्टिव्ह करंट लगेच देणारा इलेक्ट्रॉनिक कॉम्पेन्सेटर, म्हणजे स्टॅटकॉम, मोठ्या उपकेंद्रांत बसतो आहे. लहान कारखानदाराला मात्र तो परवडत नाही. एखाद्याने घेतलाच, तर एक कंट्रोल कार्ड गेल्यामुळे कोपऱ्यात पडून राहिलेला मी पाहिला आहे.

तिन्ही फेज समतोल असतील तर रिॲक्टिव्ह पॉवरची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य येते. म्हणजे तत्त्वतः ऊर्जेचा मोठा साठा लागतच नाही! जपानच्या अकागी आणि सहकाऱ्यांनी याचा सिद्धांत १९८० च्या दशकातच मांडला. तरी स्टॅटकॉमच्या डीसी बाजूला साठ्यासाठी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची रांग लावली जाते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये काय होत असेल? असमतोल लोडसाठी थोडा साठा लागतो हे मान्य, पण नियंत्रण नीट बांधले तर लहान फिल्म कपॅसिटरवर (प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचे, जास्त टिकणारे) भागू शकते.

नुसते स्विच मोजून साधेपणा ठरत नाही, हेही सांगायला हवे. स्टॅटकॉममध्ये तीन फेजसाठी नेहमीच्या सहाऐवजी चार स्विच वापरले तर तिसऱ्या फेजचा करंट थेट डीसी कपॅसिटरमधून वाहतो, डीसी व्होल्टेजही जास्त ठेवावे लागते. बचत एकीकडे, भार दुसरीकडे.

पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पॅनेल बनवणारे कुशल हात आहेत. सीओईपीसारख्या संस्थांनी सिम्युलेशनवर न थांबता असा एक साधा संच भोसरीच्या शेडमध्ये पूर्ण उन्हाळा चालवावा. कोणता भाग आधी गेला ते जाहीर करावे, आणि सर्किटचे ड्रॉइंग पॅनेलवाल्यांना खुले करावे.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता, चिंचवड, पुणे